कै. विक्रमदादा यांच्या नावाची पाटी

पिंपळदरा, ता. शिरूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय माया,
जय भीम.

फोनवर मिळतात त्या चार मिनिटांत आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून आता मी लिहिणार. येरवड्यात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत, माझं अक्षर चांगलं आहे.

काल शिरूरला वकीलबाई भेटल्या. मोफत मिळालेल्या असल्या तरी बाई खमक्या आहेत. तुझ्यावर चिडल्यात. म्हणाल्या, "माया मला 'मी मारलं' एवढंच सांगते आणि भिंतीकडे बघत बसते. असं केलं तर जन्मठेप घेऊन बसेल." म्हणून त्या दुपारी काय झालं ते मी लिहून पाठवते. पाठ कर नाहीतर चुलीत घाल, पण कोर्टात तोंड उघड.

आपण सगळ्या जेवायला बसलो होतो. विक्रमची बायको नीलम आपल्या बेघर बायकांच्या निवाऱ्यात येऊन आठवडा झाला होता. ती आली तेव्हा तिच्या पाठीला ब्लाउज चिकटला होता आणि तूच तो भिजवून भिजवून काढलास. विक्रम दारात आला तो उसाचा कोयता घेऊन. बाप हौसराव म्हणजे नगरपंचायतीचा मालकच, त्यामुळे पोराला वाटायचं की गावातली प्रत्येक खोली आपलीच. "तिला भाईर काढा, न्हाईतर एकेकीला तोडतो," म्हणाला. मालनबाई दाराशी बसली होती. म्हातारीने त्याला अडवायला हात पुढे केला आणि त्याने तो मनगटातून उडवला. हात तिच्याच ताटात पडला, माया, भातावर. मग त्याने नीलमचे केस धरले, तिची मान मागे ओढली आणि कोयता वर नेला. तेव्हा तू पाट्यावरचा वरवंटा उचललास. तू थांबली असतीस तर त्या दिवशी आम्ही नीलमला उचललं असतं, त्याला नव्हे. एवढंच सांगायचं आहे. भिंतीला नाही, न्यायाधीशांना.

आता जामिनाचं. नीलमचा आणि मालनबाईचा जबाब न्यायाधीशांपुढे झालेला आहे, म्हणून जामीन होईल असं वकीलबाईंना वाटतं. अडलंय ते पत्त्यावर. कोर्टाला कायमचा पत्ता पाहिजे. कासुर्डीच्या तुझ्या सासरी तुझं नाव काढलं तरी दगड येतील, माहेर उरलं नाही, आणि दौंड स्टेशनचा फलाट हा काही पत्ता नव्हे. तुझ्या आधार कार्डावर आहे तो आपल्या निवाऱ्याचा पत्ता. आणि निवाऱ्याची गत तुला माहीत आहे. वरची योजना संपली, अनुदान बंद झालं. किराणावाला अजून ओळख दाखवतो म्हणून चूल पेटते. मार्चनंतर नगरपंचायत खोल्यांना कुलूप लावणार. निवारा गेला की तुझा पत्ता गेला, पत्ता गेला की तुझा जामीन गेला.

तेव्हा मी ठरवलंय. नगरपंचायतीने स्वतःच्या अंदाजपत्रकात निवाऱ्यासाठी कायमची तरतूद करायची. खुर्चीवर कोणीही बसो, दरवर्षी पैसे पडलेच पाहिजेत. त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला मी मोकळीच आहे.

जेवत जा.
तुझी ललिताताई

*

येरवडा
२६ जानेवारी

ललिताताई,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर दोन दिवस भात गेला नाही. आता जातो.

मी बोलते कोर्टात, बोलेन. पण ताई, वकीलबाई विचारतात, "तुझ्या मनात काय होतं?" मनात काही नव्हतं. मला नीलमचा गळा दिसत होता, ताणलेला, त्यावरची शीर उडताना. बाकी काही दिसत नव्हतं. हे सांगितलं तर चालेल का?

इथं मी बरी आहे. हे खोटं वाटेल तुम्हाला. बॅरेकमध्ये मारामारी होते, बादलीवरून एकीने दुसरीचं डोकं नळावर आपटलं, रक्त माझ्या चटईपर्यंत आलं. पण दोन वेळा जेवण येतं, वर पत्रा नाही, पक्कं छत आहे. आणि एक सांगते, इथं मार्च आला म्हणून कोणी घाबरत नाही. निवाऱ्यात असताना फेब्रुवारीपासून तुमचं तोंड उतरायचं, निधी आला का, पत्र आलं का, साहेब बदलले का. इथं कोणी विचारत नाही की बायकांना पुढच्या वर्षी ठेवायचं कशातून. जेलला पैसे कुठून येतात हो? ते कधी संपत कसे नाहीत?

रागावू नका. मला बाहेर यायचंय. सकाळी दार आतून उघडायचंय मला, बाहेरून उघडण्याची वाट बघायची नाही. निवारा वाचवा, ताई. तुमच्याशिवाय माझं कोणी नाही.

मालनबाईचा हात कसा आहे? म्हणजे उरलेला.

माया

*

पिंपळदरा
१५ फेब्रुवारी

माया,

मालनबाई डाव्या हाताने जेवते आणि उजव्या हाताने शिव्या देते, म्हणजे तो हात असल्यासारखा हवेत नाचवते. बरी आहे.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. पोरगा तरुण आहे, सभ्य आहे, खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, पाणी, दिवाबत्ती, कचरा, पगार. उरतं काय?" मी म्हटलं, उरलेल्यातलं मागतच नाहीये. महिला-बालकल्याणाचे पाच टक्के कायद्यानेच दरवर्षी बाजूला काढावे लागतात ना, त्यातून द्या. तो पंख्याकडे बघायला लागला. कारण ते पैसे कुठे जातात ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पैठणीचे खेळ, आणि हौसरावाचं तोंड छापलेली शिलाई मशीनं.

आणि त्या समितीची सभापती कोण? विठाबाई. हौसरावाची बायको, विक्रमची आई. बायकांची राखीव जागा आली तेव्हा त्याने तिला उभी केली. बैठकीत ती पुढे बसते आणि तो तिच्या खुर्चीमागे बसतो, बोलतो तोच. तिचा आवाज गावाने ऐकलेला नाही.

तरी मी तिच्या घरी गेले. हो, गेले, डोळे वटारू नकोस. ज्या बाईचा मुलगा आपल्या दारात मेला तिच्याकडे निवाऱ्याला पैसे मागायला. विठाबाई चहा घेऊन आली. तिच्या कानाची पाळी फाटून दोन झालेली आहे, जुनी. मी तिच्याशी बोलायला लागले तर हौसराव हसला. "तिला काय इचारता? ती नुसती सही करती." मग हसू पुसून म्हणाला, "माज्या पोराचा मुडदा पडला तिथं मीच पैसं घालू व्हय? एकतीस मार्चला टाळं. आन् ती तुमची माया सडू द्या तिथंच."

दुसऱ्या दिवशी निवाऱ्याची पाण्याची लाइन कोणीतरी कुऱ्हाडीने फोडली. आठवड्याने न्हावऱ्याच्या बाजारात मी कांदे बघत होते, तर दोन पोरांनी मला झिंज्या धरून ओढलं आणि भर रस्त्यात कानाखाली अशी लावली की अजून डाव्या कानात शिट्टी वाजते. लोक कांदेच बघत राहिले. मी तक्रार दिली आहे. पोरं तोंड बांधून होती.

मी घाबरले आहे. तुला नाही सांगायचं तर कोणाला सांगू? नीलम उशाशी दगड घेऊन झोपते. पण अजून दीड महिना आहे.

ललिताताई

*

पिंपळदरा
५ मार्च

प्रिय माया,
जय भीम!

पैशांची सोय झाली! निवारा चालू राहणार. भिंतींना रंग दिला, नवीन लोखंडी खाटा आल्या, नळाला पाणी आलं. पत्त्याचा दाखला वकीलबाईंकडे आजच पाठवला.

कुणी दिले, कसे दिले, ते आलीस की बोलू. पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू फक्त सही कर आणि ये.

तुझी ललिताताई

*

येरवडा
२० मार्च

ललिताताई,

परवा कोर्टात जामीन मंजूर झाला. न्यायाधीशांनी कारकुनाला पत्ता वाचायला सांगितला. तो वाचायला लागला आणि मध्येच थांबला. मग वाचला. "राहणार, कै. विक्रमदादा निवारा केंद्र, पिंपळदरा." कोर्टात मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वकीलबाईंनी तुमच्या कागदाकडे बघितलं आणि डोळे मिटले. त्यांनीही नीट वाचला नव्हता.

मी सही केली नाही.

ताई, तुम्ही त्याचं नाव दारावर लावलंत? मी ज्याचं डोकं फोडलं त्याच्या नावाखालून मी आत-बाहेर करायचं? पोलिस ठाण्यात हजेरीला जाईन तेव्हा त्याचं नाव माझा पत्ता म्हणून सांगायचं? नीलमने त्या नावाखाली झोपायचं? मालनबाईने तिथं भात खायचा?

आणि "कैलासवासी"! कैलासात गेला तो?

परत आले तर बॅरेकमधल्या एका बाईला बातमी आधीच कळलेली. म्हणाली, "तुझा दादा तुला बोलावतोय." मी तिचे दोन दात पाडले. आता मला वेगळं ठेवलंय. माझ्या हाताला आता सवय झालीय, हे मला कळतंय, आणि त्याची मला भीती वाटते.

मला शिकवणाऱ्या तुम्हीच. मी पहिल्या दिवशी तुमच्या पाया पडायला लागले तर तुम्ही ओरडलात, "उपकार नाही, हक्काचं छप्पर आहे, ताठ उभी राहा." मग आता कोणाच्या पाया पडलात? उद्या हौसरावाला लहर आली आणि त्याने हात आखडला, की पुन्हा रस्ता. मग काय केलंत तुम्ही?

मला पत्र लिहू नका.

माया

*

पिंपळदरा
२ एप्रिल

माया,

लिहू नका म्हणालीस तरी लिहिते. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी तू माझं ऐक. हौसराव स्वतः आला होता, पांढरे कपडे घालून. म्हणाला, "पोरगं तर गेलं माजं. त्याच्या नावानं चार जीव निवाऱ्याला ऱ्हात्याल तर वाईट काय? दर वर्साला चेक देतो. पाटी त्येची, फोटो त्येचा." मी पाहिलं तर पीठ संपलेलं, पाणी फोडलेलं आणि तुझा जामीन टांगलेला. मी हो म्हटलं. पाटी कसली लागली ते मी डोळ्यांनी बघितलं आणि पोटातली आग पोटात ठेवली. तू येरवड्यातून ताठ उभी राहतेस ते बरोबरच आहे. पण इथे बाविसावी बाई संध्याकाळी पोर कडेवर घेऊन दारात उभी राहते तेव्हा तिला मी काय देऊ, माझा ताठ कणा?

पाटीच्या उद्घाटनाला त्याने नीलमला फोटोला हार घालायला लावला. पेपरवाले होते. नीलमने हार घातला, हसून फोटो काढला, आणि मागे जाऊन पित्त पडेपर्यंत ओकली. मालनबाई त्या फोटोकडे तोंड करून थुंकली आणि कुणीही पुसलं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं की आपण माती खाल्ली. तुझं पत्र आलं आणि ते तुझ्या तोंडून ऐकलं, एवढंच.

आता पुढचं. इमारत नगरपंचायतीची असल्याने नावाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि त्यावर महिला-बालकल्याण समितीची शिफारस. २७ मार्चला अंदाजपत्रकाची सभा होती. मी आणि नीलम मागच्या बाकावर जाऊन बसलो. मी पाच टक्क्यांचा अर्ज पुन्हा दिला होता, पण आशा सोडलेलीच होती. विषय वाचला गेला. "कै. विक्रमदादा निवारा केंद्र या नावास शिफारस." हौसरावाने नेहमीप्रमाणे विठाबाईच्या खांद्यावरून हात घालून सहीची जागा दाखवली.

ती उठून उभी राहिली. माया, आधी कोणाला कळलंच नाही की ती बोलणार आहे. शेजारचा माणूस तिला वाट द्यायला पाय बाजूला घ्यायला लागला.

"ती पाटी काढा," म्हणाली.

हौसराव म्हणाला, "बस खाली."

"माज्या लेकाचं नाव त्या दारावर नगं. येनारा-जानारा वाचंल आन् पोरांना सांगंल, हितं ह्यो कोयता घेऊन आला हुता, बायकांवर. मेला त्यो एकदा मेला. तुमी त्येला रोज मारायला निगाला हाय."

मुख्याधिकारी चाचरत म्हणाला, "मग वहिनी, निवारा चालवायचा कशातून? देणगी त्या नावावरच आहे."

"माज्या समितीचं पैसं हाईत न्हवं? पाच टक्के?"

"आहेत."

"त्यातलं लावा. दर साली. कुनाच्या नावावर नगं, नगरपंचायतीच्या नावावर. मी सभापती हाय, मी म्हंतीय." आणि तिने हात वर केला.

मग बाकीच्या नगरसेविकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं आणि बघता बघता हात वर झाले. हौसरावाच्या विरोधी गटालाही आयतं मिळालं, त्यांनी दोन्ही हात वर केले असते. ठराव झाला. निवाऱ्याचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात वेगळं खातं, उघडलं गेलं, पाच टक्क्यांतून, दरवर्षी बंधनकारक. अध्यक्ष बदलला तरी, साहेब बदलला तरी. मी नीलमचा हात इतका दाबला की तिला वळ उठले.

मला वाटलं, विठाबाई आपली झाली. तिच्याजवळ जाऊन म्हटलं, बाई, तुम्ही आमच्या बाजूने उभ्या राहिलात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरले. "मी तुमच्या बाजूची न्हाई," म्हणाली. "माज्या लेकाची लाज झाकली मी."

बाहेर अंगणात हौसराव गाडीपाशी उभा होता. भर दुपार, माणसं चहा पीत होती. त्याने डिकीतून जॅकचा दांडा काढला. पहिला फटका तिच्या दंडावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी टपरीपाशी ऐकला. दुसरा मांडीवर. ती खाली बसली, ओरडली नाही, अशी बसली की तिला ते सगळं ओळखीचं आहे. लोकांनी चहाचे कप धरून ठेवले होते. मी मधे गेले तर तिसरा माझ्या कपाळावर. टाके पडलेत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. तेव्हा नीलम धावली. तिच्या हातात काही नव्हतं. तिने सासऱ्याच्या मनगटाला दात लावले आणि दांडा खाली पडेपर्यंत सोडले नाहीत. नंतर तिच्या तोंडातून त्याचं रक्त तिच्या हनुवटीवर आलेलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

गुन्हा दाखल झाला. हौसरावाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी जामीनही झाला. त्याला पत्ता आहे.

विठाबाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण नेणार? वरवंडला तिचं माहेर, भावाला फोन लावला, त्याने हौसरावाचं नाव ऐकलं आणि ठेवून दिला. मग नीलम म्हणाली, "आत्या, चला माझ्याबरोबर." ती परवापासून निवाऱ्यात आहे. दाराशी खाट घेतलीय. मालनबाई तिच्याशी बोलत नाही. ज्याने हात तोडला त्याची आई म्हणून तिने आपलं अंथरूण पार दुसऱ्या टोकाला नेलं. मी कोणालाही काही म्हटलेलं नाही.

पाटी काढली. नवीन पाटीवर फक्त "नगरपंचायत, बेघर निवारा केंद्र" आहे. नवा दाखला वकीलबाईंना गेला. आता तुझा पत्ता कोणाच्या बापाचा नाही.

ललिता

*

येरवडा
१४ एप्रिल

ताई,
जय भीम.

आज जयंती, आत सगळ्यांना गोड मिळालं. माझ्या वाट्याचं मी त्या दात पाडलेल्या बाईला दिलं. तिने घेतलं.

तुमचं कपाळ कसं आहे? मी फार बोलले तुम्हाला. बोलले ते खरं होतं, तरी जास्त बोलले.

जामिनाचा कागद नव्या पत्त्याने झालाय. सही केली की सोमवारी सोडतील. पेन दोनदा हातात घेतलं आणि ठेवलं. ताई, तिथं ती आहे. तिच्या मुलाला मी मारलं. त्याच्या आईच्या समोर मी ताट कसं घेऊ, आंघोळ कशी करू, हसू कशी? सकाळी उठून पहिलं तोंड तिचं बघायचं? ती हात मोडून घेऊन आलीय आणि तिला दुसरं कुठं जागा नाही. मला इथं तरी आहे. मी आले तर तिलाच निघून जावं लागेल. मी तिच्याकडून अजून काही काढून घेणार नाही.

मी इथंच राहते खटला संपेपर्यंत. वकीलबाईंना तसं सांगा. की यावं मी? तुम्हीच सांगा, यावं का?

माया

*

पिंपळदरा
१८ एप्रिल

माया,

नीलम लिवती, मी सांगती. मला सही येती, पर हात पलिस्तरात हाय.

तुजं पत्र ललितानं वाचलं आन् उशाखाली ठेवलं. मी म्हनलं, काय लिवलंय? ती म्हनली, काय न्हाई. मंग नीलमनं वाचून दावलं. तू ललिताला इचारतीस, यावं का. तिला कशापायी इचारती? मला इचार.

माफ केलं असं कुनी सांगितलं असंल तर ते खोटं हाय. दवाखान्यात त्येच्या तोंडावर कापड टाकलं हुतं. बघू नका म्हनले. मी काढलं. तू काय केलंस ते मी बघितलंय, कपाळापास्नं कानापतुर. त्येच्या कानातला मळ मी काढायची, त्यो कान राहिला नव्हता. ह्ये तुला ठावं पायजे म्हनून सांगती.

आन् नीलमची पाठ बी मी बघितली हुती. हळद मीच लावायची. लावायची आन् गप बसायची. ह्ये लिवताना ती थांबली हाय, मी म्हनलं, लिव.

तू हितं येऊ नगं, असं माज्या लई मनात हाय. रोज येतं. निवारा माज्या पैशाचा असता तर दारातनं हाकलली असती तुला. माज्या लेकाची पाटी असती तर तुला उंबऱ्याला पाय लावू दिला नसता. पर आता त्यो कुनाचा न्हाई. ज्येला घर न्हाई त्येनं यायचं, असं ठरावात लिवलंय आन् म्या हात वर केला. मायाला सोडून बाकीच्यांनी, असं म्या म्हनलं न्हाई. तवा सुचलंच न्हाई मला. आता मुख्याधिकाऱ्याला इचारलं, बदलता येतंय का? त्यो म्हनला, न्हाई वहिनी, कायम झालं त्ये.

तवा ये. मी जानार न्हाई, तू लिवतीस तशी. मला बी जागा न्हाई कुठं.

माजी खाट दाराशी हाय, तुला माज्या पायाशेजारनं जावं लागंल. बोलू नगं माज्याशी. पाया पडू नगं. कवातरी उठून मी तुजा गळा धरला तर ललिताला हाक मार, ती सोडवंल. माजा हात बरा व्हायला अजून टाईम हाय.

तुला भाईर काढायचा मला अधिकार न्हाई. मी लई शोधला.

सोमवारी दुपारची शिरूर-दौंड यष्टी फाट्यावर थांबती. नीलम न्यायला यील.

विठाबाई